पाण्याच्या रेघेवरचं गाठोडं

१

सुमाउमाच्या झाडाखाली दोघी केव्हाच्या मान वर करून उभ्या होत्या आणि वर काही म्हणता काही हलत नव्हतं.

लालतोंडे म्हणजे इथली माकडं, आणि ती अशी गप्प बसणारी नव्हेत. सकाळी जाग आली की सगळं रान डोक्यावर घेणार, एकमेकांवर खेकसणार, फांद्या मोडणार. पाणी ओसरून जमीन वर आली की खाली उतरून चिखलातले कोवळे कोंब खाणार. टक्कल पडलेलं डोकं, लालभडक तोंड, अंगावर पांढरट झिपऱ्या आणि शेपटीच्या नावानं नुसता वीतभर गोंडा. तळ्यावरचे लोक त्यांना इंग्रज म्हणत, कारण पूर्वी कधीतरी बोटीतून उतरलेला एक साहेब उन्हानं भाजून हुबेहूब असाच दिसला होता म्हणे. त्या इंग्रजांचा आज पत्ता नव्हता.

“दुसऱ्या झाडावर गेले असतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. एलोईझाबाई माकडांच्या डॉक्टर, पण वस्तीतले लोक दातदुखी, पोटदुखी सगळं त्यांनाच दाखवत. पूर आला की त्या शहरात जात आणि पाणी उतरलं की परत येत. यंदा आल्या आल्या त्यांनी तेर्सीनाचं बाळ मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या तुटक्या दातावरून तिला चार शब्द सुनावले होते.

“दुसरं झाड आहे कुठं, बाई?” तेर्सीना म्हणाली. “पलीकडचं सगळं जळालं नाही का मागच्या कोरड्या हंगामात?”

तेर्सीना तळ्याची राखणदार. वस्तीनं सभेत हात वर करून तिला निवडलं होतं आणि राखणदाराच्या हिरव्या सदऱ्याचा तिला अभिमान होता. विचारात पडली की तिची जीभ आपोआप त्या तुटक्या दाताकडे जायची. पुरात तिला दिवस गेलेले, त्यात तापानं ती अंथरुणाला खिळलेली. नवरा शहरात कामाला म्हणून गेला तो गेलाच. बाबा रोज आळशाचा रस्सा करून पाजत. आळशी म्हणजे फांदीला दिवसभर उलटा लोंबणारा तो मंद प्राणी. तेवढंच काय ते पोटात टिकायचं. एकदा रश्श्यातला छर्रा दाताखाली आला आणि दाताचा टवका उडाला.

जीभ दातावर फिरवता फिरवता तिला ते दिसलं. खोडावर पुराच्या पाण्याची काळपट रेघ होती, तीन-चार पुरुष उंच. त्या रेघेच्या जरा वर, फांदीच्या बेचक्यात, तागाच्या पोत्याचं गाठोडं टांगलेलं होतं.

वेलीला धरून ती चढली आणि गाठोडं खाली घेऊन आली. बाईंनी ते उघडलं आणि तिथंच खाली बसल्या. आत कवट्या होत्या. बाई एकेक हातात घेऊ लागल्या. “हा म्हातारा, याचा सुळा बघ, मोडलेला. ही ती लंगडी. हे तिचं पिल्लू.” त्या रडायला लागल्या आणि तेर्सीनाला काय करावं सुचेना, कारण तिलाही रडू येत होतं.

गाठोड्यात आणखी होती ती हातांची हाडं आणि त्या आखूड शेपट्यांची. बाकी काही नव्हतं. बरगड्या नाहीत, मांड्या नाहीत. तेर्सीनाला ते विचित्र वाटलं, पण का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

२

“इंग्रज मारील त्याचं घर तळ्यावर राहणार नाही, हे आपणच ठरवलंय,” वस्तीचे प्रमुख तिबुर्सियोकाका म्हणाले.

सगळी वस्ती त्यांच्या ओसरीवर जमली होती. इथली घरं ओंडक्यांवर तरंगणारी. घराचा दोर काठावरच्या झाडाला बांधलेला असतो, तोवर माणूस इथला. दोर सोडला की नदी नेईल तिकडं जायचं, आणि नदीवर कुणी कुणाला जागा देत नाही. इंग्रजांसाठी तळं राखीव होतं आणि म्हणूनच मोठ्या मासेमारी बोटींना आत यायला मनाई होती, तेव्हा इंग्रजांना हात लावायचा नाही असं ठरलेलं. आता सगळे एदिल्झोकडं बघत होते.

एदिल्झो नदीच्या खालच्या अंगाचा, इथल्या पोरीशी लग्न करून आलेला. तोंडाचा फटकळ. भरल्या पाण्यात तो होडी घेऊन त्याच रानात फिरताना दोघा-तिघांनी पाहिला होता, आणि गाठोडं भरल्या पाण्यात टांगलं होतं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या उंचीला सहज हात पोचतो तो होडीतूनच.

“बंदूक काय माझ्या एकट्याकडं आहे?” एदिल्झो म्हणाला. “ओतासिलियोकाकांकडं पण आहे की. हां, त्यांच्या बंदुकीचा आता उपयोग नाही म्हणा. काय काका, पानेमा गेला का? की अजून गळाला गवतच लागतंय? कुठल्या पोटुशीला मांस चारलंत एवढं तरी सांगा.”

अशा प्रसंगातही काही जण हसले. ओतासिलियो म्हणजे तेर्सीनाचे वडील. एके काळी त्यांच्यासारखा शिकारी पंचक्रोशीत नव्हता. पुरानंतर त्यांना पानेमा लागला. पानेमा लागला की हात मेला. गळ टाका, जाळं टाका, रानात जा, हाती काही लागत नाही. शिकार पोटुशी बाईनं खाल्ली किंवा तिची हाडं कुत्र्यानं चघळली की शिकाऱ्याला तो लागतो, असं जुनी माणसं मानतात. त्यांनी मिरचीची धुरी घेतली, पाल्याच्या पाण्यानं आंघोळी केल्या, कशाचा गुण आला नाही. एदिल्झोच्या टोमण्यावर ते खाली पाण्याकडं बघत राहिले.

“आधी कोणी मारले ते कळू दे, मग दोर सोडा,” तेर्सीना म्हणाली. “एदिल्झोच्या घरात दोन लेकरं आहेत. मला रविवारच्या सभेपर्यंत वेळ द्या.”

तिबुर्सियोकाकांनी वेळ दिला. तिनं मागितला नसता तर तिचं भलं झालं असतं.

३

एदिल्झोच्या घराशी ती गेली तेव्हा त्याची कुत्री मगरीचं डोकं चघळत बसली होती. तो जाळं विणत प्रार्थनेचं गाणं गुणगुणत होता. बायको दाराशी बसली होती, घराच्या दोरावर हात ठेवून.

“खरं सांग, भरल्या पाण्यात तिकडं काय करत होतास?”

“तांबाकी मासा धरत होतो. झाडावरनं फळं पडतात, तो खाली आ वासून उभाच असतो. हे तुला मी शिकवू?”

“आणि बंदूक?”

“बंदुकीला काडतूस नको? पुरात काडतूस म्हणजे सोनं. आम्ही तर आळशी खाऊन दिवस काढले. पपई तोडल्यासारखा हातानं काढायचा नि होडीत टाकायचा. मग तेही संपले.” तो जाळं बाजूला ठेवून तिच्याकडं बघू लागला. “तेर्सीने, मी तोंडानं वाईट आहे, मला माहितेय. पण इंग्रजाचं तोंड बघितलंयस ना? माणसासारखं. त्याला मारून मी खाईन कसा?”

तेर्सीनाचं लक्ष कुत्र्यांकडं होतं. “हाडं कुत्र्यांना घालतोस? पानेमा लागेल की.”

“हॅट. आम्ही नव्या चर्चचे, प्रार्थनेवाले. ते असलं काही मानत नाही.”

तिला एकदम हायसं वाटलं. गाठोडं तेवढ्या उंच टांगायचं कारण एकच. कुत्र्याच्या दाताला लागू नये, कुणाचा पाय पडू नये. तसं करील तो पानेमाला भिणारा. एदिल्झो हाडं पाण्यात फेकून मोकळा झाला असता. रविवारी एवढं सांगितलं तरी त्याचं घर वाचत होतं.

ती होडीत बसली तेव्हा त्याची बायको प्रथमच बोलली. “हाडं टांगणारं तळ्यावर आता उरलंय कोण, ताई? म्हातारी माणसं मोजायला एक हात पुरेल.”

४

व्यापारी गाल्दिनोची बोट काठाला लागलेली होती. मीठ, साबण, रॉकेल, काडतुसं, सगळं त्याच्याकडं. त्याच्यावरही लोकांचा संशय होताच, कारण रानातलं चोरटं मांस तो खाली नेऊन विकायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“इंग्रज?” तो पोट हलवत हसला. “फुकट दिलास तरी घेणार नाही मी. गिऱ्हाईक डोकं बघेल नि मलाच शिव्या घालेल. म्हणेल, गाल्दिनो, आता माणसं विकायला लागलास का?”

“डोकं काढून टाकलं तर?”

“डोकं काढ, हात काढ, तो शेपटीचा गोंडा काढ. मग कशाचंही म्हणून खपेल. भुकेला माणूस विचारत बसतो होय?” एवढं बोलून त्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं तेर्सीनाकडं नीट पाहिलं आणि उगीच साबणाच्या वड्या रचायला लागला.

“पुरात काडतुसं कोणाकोणाला दिलीस?”

“ते मला विचारू नकोस, पोरी.”

“मी राखणदार म्हणून विचारतेय.”

“म्हणूनच म्हणतो, विचारू नकोस. घरी जा. बाळ रडत असेल.”

परतताना तेर्सीनाचे हात वल्हं मारत होते आणि डोकं दुसरीकडंच होतं. डोकं, हात, शेपटी. एवढंच लपवलं होतं. कोणापासून? राखणदारापासून म्हणावं, तर पुरात राखणदार अंथरुणात होती, रानात यायची शक्यताच नव्हती. मारणाऱ्यानं ते लपवलं होतं खाणाऱ्यापासून. खाणाऱ्याला कळू द्यायचं नव्हतं की आपण काय खातोय. कळलं असतं तर त्या माणसानं ताट भिरकावलं असतं, मग उपाशी मरायची वेळ आली तरी.

तळ्यावर असं माणूस कोण, याचा ती विचार करत होती. तिची जीभ तुटक्या दाताकडं गेली आणि तिथंच थांबली. वल्हंही थांबलं. पपई तोडल्यासारखा हातानं काढायचा, एदिल्झो म्हणाला होता. आळशाला गोळी कोणी घालत नाही.

५

बाबा ओसरीच्या कडेला गळ टाकून बसले होते. बाळाच्या कमरेला फडकं बांधून त्याचं दुसरं टोक त्यांनी आपल्या पायाला बांधलं होतं, पाण्यात पडू नये म्हणून.

“लागलं काही?” तिनं विचारलं.

“कुठलं लागतंय.”

ती शेजारी बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं. ती म्हणाली, “बाबा, आळशाला गोळी कशाला घातलीत?”

त्यांनी मान वळवली नाही.

“माझा दात गेला त्या छर्र्यानं. तो रस्सा आळशाचा नव्हता.”

त्यांनी गळाची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, “आळशी होते तोवर आळशीच दिले. ते संपले. कसाव्याच्या कंदांचं शेत बुडालेलं, मासे रानभर पांगलेले. तू घोटभर पाणी प्यायलीस तरी ओकायचीस. सुईण मला बाजूला घेऊन म्हणाली, ही काही पूर काढत नाही. मी तुझ्या आईला असंच जाताना पाहिलंय गं.” त्यांनी नाक पुसलं. “हिंडून हिंडून थकलो आणि होडी थांबवली, तर डोक्यावर इंग्रज. फळं खात होते. बंदूक वर केली तरी पळेनात. तू नि बाईंनी त्यांना माणसांची सवय लावलीत ना, ते भीतच नाहीत माणसाला.”

तेर्सीनानं डोळे मिटून घेतले. किती वर्षं त्या दोघी त्या झाडाखाली गुपचूप बसायच्या, त्यांनी आपल्याला भिऊ नये म्हणून. एकदा लंगडी अगदी हाताच्या अंतरावर येऊन कोंब खात बसली होती आणि तेर्सीनाला घरी येऊन कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं.

“पोटुशीनं खाल्लं की पानेमा लागतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“न ठाऊक असायला काय झालं?”

“पुरात वस्तीत दिवस गेलेली मी एकटीच होते.”

“होतीस. हात गेला तर गेला म्हटलं. पोर तर राहील.”

बाळ त्यांच्या पाठीला टेकून बसायचा प्रयत्न करत होतं. ते पुन्हा पुन्हा कलंडत होतं आणि आपलंच हसत होतं.

“पण अख्खा कळप, बाबा? एकानं भागलं नसतं?”

त्यांनी बाळाला पुढं ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “रविवारी गप्प बस. एदिल्झो तरणा आहे, कुठंही पोट भरेल. दोर आपला सुटला तर हिला घेऊन कुठं जाणार आहेस?”

६

रविवारी ती गप्प बसली नाही. बसायचं ठरवून गेली होती. पण एदिल्झोच्या बायकोनं घरातली भांडी आधीच बांधून ठेवलेली दिसली, आणि दोन्ही पोरं त्या बोचक्यांवर बसून होती.

ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. गाठोडं पुरात टांगलं. टांगणारा पानेमाला भिणारा, म्हणजे एदिल्झो नव्हे. गाल्दिनोही नव्हे, तो विकायला मारता तर हाडं नदीत फेकून मोकळा झाला असता. डोकी आणि हात लपवले ते खाणाऱ्याला कळू नये म्हणून. खाणारी कोण, हे सांगताना तिनं सगळ्यांना आपला दात दाखवला.

“माझ्या बाबांनी मारले. मी खाल्ले.”

एलोईझाबाई उठून तिच्याजवळ आल्या. तिला वाटलं, आता या मला मारतील, आणि मारलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. बाईंनी नुसतं तिच्या तोंडाकडं पाहिलं. “मीच त्यांना सांगत होते, माणूस काही करत नाही म्हणून,” त्या म्हणाल्या आणि ओसरीवरून उतरून निघून गेल्या.

“काका, मला खरंच ठाऊक नव्हतं हो,” एदिल्झो ओतासिलियोंना म्हणाला. “मी आपलं हसण्यावारी बोललो.”

“तू बरोबरच बोललास,” ओतासिलियो म्हणाले.

कोणीतरी मागून म्हणालं, इंग्रजच राहिले नाहीत तर आता दोर सोडून राखायचं तरी काय? बोटी येणारच आहेत तळ्यात. त्यावर तिबुर्सियोकाका उठून उभे राहिले. मग म्हणाले, “ठरलेलं आहे ते ठरलेलं आहे. एदिल्झो, ओतासिलियोंचा दोर सोड.”

“मी नाही सोडणार. माझ्यानं व्हायचं नाही.”

दुसरंही कोणी पुढं होईना. तेर्सीनानं हिरवा सदरा काढून तिबुर्सियोकाकांच्या हातात दिला, आणि बाबा बाळाला घेऊन आपल्या घरावर चढले तेव्हा दोराची गाठ तिनं ओसरीवरून स्वतः सोडली. पाण्यात राहून राहून ती घट्ट झाली होती, नखं मोडली तिची. घर आधी जागचं हललंच नाही, जणू काही झालंच नव्हतं. मग ओंडके करकरले आणि काठ हळूहळू मागं जाऊ लागला.

एदिल्झोच्या बायकोनं धावत येऊन कसाव्याच्या पिठाची पिशवी ओसरीवर टाकली.

वळणावर घर रानाच्या अगदी जवळून गेलं. सुमाउमाच्या शेंड्यावर एक इंग्रज बसला होता. कळपातला एवढाच उरला असावा. तोंड लाल नव्हतं, फिकं पांढरं पडलं होतं. आजारी पडले की त्यांचा रंग असा जातो. त्यानं एकदा हाक दिली आणि मान वळवून ऐकत राहिला. बाळ तिकडं टकमक बघू लागलं. कुठूनही उत्तर आलं नाही, आणि मग वळणाआड तो दिसेनासा झाला.

बाबांनी सवयीनं गळ पाण्यात सोडला होता. तेर्सीना त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या खांद्यावर डोकंही ठेवावंसं वाटत होतं. यातलं तिनं काहीच केलं नाही.

“बाबा, आता तरी सांगा. एकानं भागलं नसतं का?”

त्यांनी गळ वर काढला. रिकामाच होता.

“मी एकच मारून आणला होता गं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तू उठून बसलीस आणि विचारलंस, बाबा, आज नाही का रस्सा? मग रोजच विचारायला लागलीस.”